म्युनिकच्या बिअर गार्डनमध्ये सोळाव्या शतकातली चावट गाणी: एका हौशी गायनवृंदाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हा गायनवृंद म्युनिकमधला आहे आणि पूर्णपणे हौशी आहे. पंचविसेक माणसं, विशीपासून सत्तरीपर्यंतची: नर्स, निवृत्त शिक्षक, विद्यार्थी, आणि माझ्यासारखे नोकरीनिमित्त इथे येऊन स्थिरावलेले काही जण. मी टेनरमध्ये, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजात गातो; पुरुषांचा खालचा आवाज बास, बायकांचा वरचा सोप्रानो आणि खालचा आल्टो. त्या वर्षी कार्यक्रम समितीत असल्यामुळे सगळ्या चर्चा जवळून ऐकल्या. वृंदाचं, चर्चचं आणि माणसांचं नाव इथे दिलेलं नाही. कोणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तालमी एका कॅथलिक चर्चच्या सभागृहात होतात. भाडं नाममात्र आहे, त्या बदल्यात वृंद नाताळात आणि ईस्टरला तिथल्या उपासनेत गातो. हा व्यवहार लक्षात ठेवायला हवा, कारण पुढे तोच आड आला.

म्युनिकमध्ये सोळाव्या शतकाच्या संगीताचा विषय निघाला की ऑर्लांदो दि लासोचं नाव येतंच. आजच्या बेल्जियममधल्या मोंस गावी जन्मलेला हा माणूस तरुणपणी नेपल्स आणि रोममध्ये राहिला, १५५६ मध्ये बव्हेरियाच्या ड्यूकच्या दरबारी आला आणि १५९४ मध्ये म्युनिकमध्येच वारला. शहराच्या मध्यभागी, प्रोमेनाडेप्लाट्झवर, त्याचा पुतळा आहे. मायकल जॅक्सन समोरच्या हॉटेलात उतरायचा, म्हणून त्याच्या चाहत्यांनी पुतळ्याचा चौथरा जॅक्सनच्या फोटोंनी आणि फुलांनी भरून टाकला आहे. पर्यटकांना वर कोण उभा आहे हे बहुधा कळतही नाही.

लासोने ड्यूकसाठी पश्चात्तापाची सात स्तोत्रं स्वरबद्ध केली. हान्स मीलिखने चित्रं काढून सजवलेली त्यांची हस्तलिखितं बव्हेरियाच्या राज्य ग्रंथालयात आहेत. १५६८ मध्ये राजपुत्र विल्हेल्मच्या लग्नात हाच लासो इटालियन प्रहसनातल्या पांतालोने या म्हाताऱ्या व्यापाऱ्याचं सोंग घेऊन उभा राहिला. स्तोत्रं आणि सोंग त्याच्या ठायी शेजारी-शेजारी नांदत होती. आमच्या वृंदाला ते इतकं सहज जमलं नाही.

कार्यक्रमाची कल्पना

शहराच्या कडेला असलेल्या एका बिअर गार्डनच्या मालकाने जुलैमधल्या एका संध्याकाळी गाण्याचं आमंत्रण दिलं. आमच्या वृंदाच्या संचालिकेने विषय सुचवला: गुत्त्यातली गाणी. प्रबोधनकाळातली, चार-पाच देशांतली, खाण्यापिण्याची, प्रेमाची आणि थोडी चावट.

निवड तिने जाणकारीने केली होती. इंग्लंडमधून टॉमस रेव्हन्सक्रॉफ्टच्या १६०९ आणि १६११ च्या संग्रहांतले राउंड आणि कॅच, म्हणजे एकच चाल आवाजांनी एकामागून एक उचलायची अशी गाणी. जर्मनमधून लुडविग झेन्फलचं एक गाणं. झेन्फल हा लासोच्या आधीच्या पिढीत म्युनिकच्याच दरबारात होता. त्या गाण्यात गाणारा नवल करत असतो, की कोणा एका पुरुषाने तिला असं काय कबूल केलं असेल, की तिने दाराचा अडसर काढला. आणि लासोची चार गाणी: एक फ्रेंच प्रेमगीत, 'काँ मों मारी' नावाचं एक फ्रेंच गाणं, इटालियनमधलं 'मातोना मिया कारा', आणि एक मोरेस्का, म्हणजे नेपल्समधल्या आफ्रिकन गुलामांचं सोंग घेणारं गाणं.

यातली बरीचशी गाणी गुत्त्यात जन्मलेली नाहीत, हे इथेच सांगायला हवं. ती दरबारातल्या शिकलेल्या संगीतकारांनी रचली आणि छापखान्यांनी स्वरलिपी वाचू शकणाऱ्या, पैसा राखून असणाऱ्या लोकांना विकली. गुत्त्यातले लोक जे गात ते बहुतेक कागदावर उतरलंच नाही. रेव्हन्सक्रॉफ्टचे संग्रह त्या जगाच्या त्यातल्या त्यात जवळ जातात. त्याने छापलेला एक कॅच शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये मध्यरात्री दारू पिऊन गायला जातो, आणि घरचा कारभारी मॅल्व्होलिओ येऊन विचारतो की माझ्या मालकिणीच्या घराचा तुम्ही गुत्ता केलाय का. आमच्या कार्यक्रमाला 'गुत्त्यातली गाणी' हे नाव शोभत होतं, पण श्रोत्यांना त्यातून खोटं चित्र मिळत होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. दरबारी माणसाने साध्या माणसांच्या तोंडी घातलेलं गाणं आणि साध्या माणसांनी स्वतः गायलेलं गाणं, यांतला फरक पुढे प्रत्येक वादात डोकं वर काढत राहिला.

जाहिरातीत एक ओळ होती: 'सर्व कुटुंबासाठी उन्हाळी संध्याकाळ'. पूर्वार्धात चर्चची मुलं आमच्याबरोबर सोपे राउंड गाणार होती.

अडचण

कार्यक्रमाला महिना उरला असताना वृंदात नव्याने आलेल्या एका इटालियन आल्टोने तालमीच्या मध्यंतरात सहज विचारलं: आपण 'मातोना'ची सगळी कडवी गाणार आहोत का? लहान मुलांसमोर?

बहुतेकांना प्रश्नच कळला नाही. जर्मनीत कित्येक जण हे गाणं शाळेपासून गात आले आहेत. आमच्या हातातली आवृत्ती जुनी, शालेय होती. इटालियन ओळींखाली गाता येईल असा जर्मन मजकूर, आणि तो सोवळा. त्यात एक शिपाई खिडकीखाली उभा राहून गोड गाणं म्हणतो, मध्ये-मध्ये 'डोन डोन डोन, दिरि दिरि डोन' असा ठेका येतो, संपलं.

मूळ गाणं वेगळं आहे. शिपाई म्हणजे लान्ट्सक्नेख्ट, पगारी जर्मन सैनिक. तो मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये बाईला आळवतो आहे. उच्चार चुकलेले, व्याकरणाचा पत्ता नाही. मला कवी पेट्रार्क ठाऊक नाही, काव्यदेवतांच्या हेलिकॉन पर्वतावरचा झराही ठाऊक नाही, असं तो कबूल करतो. शिकारीला जाऊन तुला लठ्ठ पाखरं आणून देईन म्हणतो. आणि शेवटच्या कडव्यात सरळ मुद्द्यावर येतो: तुला मी हवा असलो तर कामचुकारपणा करणार नाही, रात्रभर एडक्यासारखा धडका देत राहीन. इटालियनमध्ये हे याहून उघडं आहे.

आल्टोने हे सगळं शांतपणे सांगितलं. काही जण खो-खो हसले. दोन ज्येष्ठ सदस्य मात्र दुखावले: आपण हे चर्चच्या सभागृहात बसून गातो आहोत, आणि कोणी सांगितलं नाही? मुलांच्या गटाची जबाबदारी असलेल्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी पत्र पाठवून सगळ्या गाण्यांचे अर्थ मागितले. चर्चच्या कार्यालयानेही विनंती केली, की मजकूर पाहायला मिळावा.

समोर असलेले पर्याय

समितीत आम्ही पाच जण होतो. पहिल्या बैठकीत पुढे आलेले पर्याय असे.

'मातोना' काढून टाकायचं. सोपं होतं, पण संचालिकेचा सक्त विरोध होता. म्युनिकमध्ये लासोवर कार्यक्रम करायचा आणि त्याचं सगळ्यात परिचित गाणं टाळायचं, हे तिला पळपुटेपणाचं वाटत होतं.

शेवटचं कडवं गाळायचं. अनेक वृंद असंच करतात. कोणाला कळणार नाही, कोणी दुखावणार नाही. पण इटालियन आल्टोचं म्हणणं बिनतोड होतं: विनोदाची सगळी रचना शेवटाकडे चढत जाते, शेवट कापला तर उरतो तो चुकीचं इटालियन बोलणारा एक गावंढळ, आणि त्याला हसणारे आपण.

शब्द बदलायचे. यालाही जुनी परंपरा आहे. लासो हयात असतानाच, १५७० च्या दशकात, जिनिव्हाचा पाद्री सिमों गूलार आणि इतर फ्रेंच प्रोटेस्टंट संपादकांनी त्याच्या प्रेमगीतांच्या ओळी बदलून त्याच चालींवर धार्मिक शब्द बसवले आणि छापले. प्रेयसीच्या जागी देव आला. त्या लोकांना लासोचं संगीत मनापासून आवडत होतं, म्हणूनच त्यांनी एवढा खटाटोप केला. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांनी जे केलं ते उघडपणे केलं. आमच्या शालेय आवृत्तीने गुपचूप केलं होतं.

जसंच्या तसं गायचं आणि अर्थ सांगायचा नाही. एका बासचं मत असं होतं: इटालियन कोणाला कळतं, उगीच राईचा पर्वत कशाला. हे मत वृंदातल्या बऱ्याच जणांच्या मनात होतं, त्याने ते बोलून दाखवलं इतकंच.

अर्थासकट गायचं, पण संध्याकाळ दोन भागांत विभागायची: आधी मुलांसाठी, मग मोठ्यांसाठी. इथे एक व्यावहारिक मर्यादा होती. बव्हेरियाच्या नियमांनुसार बिअर गार्डनमधलं संगीत रात्री दहाला थांबवावं लागतं, आणि जुलैत म्युनिकमध्ये नऊनंतरही उजेड असतो. मुलं झोपल्यावर सुरू करू, ही कल्पना तिथेच बारगळली.

पहिला निर्णय: सगळ्यांनी सगळं वाचायचं

कुठलाही पर्याय निवडण्याआधी संचालिकेने एक तालीम गाण्याविना घेतली. ज्याला जी भाषा येते त्याने त्या गाण्याचा शब्दशः अर्थ लिहून आणायचा आणि मोठ्याने वाचायचा. इटालियन आल्टोकडे, इंग्रजी एका आयरिश सदस्याकडे, फ्रेंच एका निवृत्त शिक्षिकेकडे. प्रत्येक गाण्यानंतर दोन प्रश्न: यात कोण कोणाला हसतंय? आणि ज्याच्याबद्दल गाणं आहे त्याला 'नाही' म्हणता येतंय का?

हे प्रश्न समितीत ठरवताना मी आग्रह धरला होता की 'अश्लील आहे का' हा प्रश्न यादीत नको. त्यावर पंचवीस माणसांची पंचवीस मतं पडली असती आणि तालीम संपली असती. पण कोण हसतंय आणि कोणाला हसतंय, यावर मजकूर हातात घेऊन बोलता येतं.

त्या संध्याकाळी यादीचा रंगच पालटला.

झेन्फलचं गाणं सगळ्यांना आवडलं. अडसर तिने काढला आहे, आपल्या हाताने.

रेव्हन्सक्रॉफ्टचा एक राउंड वाचताना हशा पिकला. गुत्ता चालवायचा तर तीन गोष्टी हव्यात: एक खोली आणि पिसांची गादी, एक धुराडं, आणि 'हे नॉनी नॉनी'. त्या काळात हे निरर्थक पालुपद जे बोलायचं नाही त्याच्या जागी सर्रास वापरलं जाई. गंमत अशी की राउंडमध्ये तिन्ही ओळी एकाच वेळी ऐकू येतात. एक आवाज गादीवर असतो तेव्हा दुसरा 'नॉनी नॉनी' करत असतो. कागदावर वेगळ्या असलेल्या ओळी गाताना एकमेकींवर येऊन पडतात, आणि अर्थ श्रोत्याच्या कानात पुरा होतो. यापुढच्या शतकात इंग्लंडमध्ये या तंत्राची मोठी हौस निर्माण झाली, पण मूळ युक्ती इथेच दिसते.

'मातोना'बद्दल मतभेद राहिले, तरी चर्चेला दिशा मिळाली. इटालियन लोकांनी लान्ट्सक्नेख्टची टिंगल का केली? कारण हे शिपाई त्यांच्या मुलखात तलवारी घेऊन आले होते. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा लुटणाऱ्यांत त्यांचा मोठा भरणा होता. ज्यांनी मार खाल्ला त्यांनी मारणाऱ्याच्या बोलण्याला हसून घेतलं. आणि गाण्यात शिपाई खिडकीखाली आहे, बाई वर, खिडकी तिच्या हातात. 'तुला मी हवा असलो तर' असं तो म्हणतो. ती काय करते हे गाणं सांगत नाही.

मोरेस्का मात्र या दोन प्रश्नांपुढे टिकली नाही. लासोच्या १५८१ च्या पॅरिसमध्ये छापलेल्या संग्रहात 'मातोना' आहे, आणि त्याच पुस्तकात नेपल्समधल्या आफ्रिकन गुलामांची सोंगं घेणारी गाणीही आहेत. त्यांची मोडकी भाषा, त्यांची भांडणं, त्यांच्या शरीरांबद्दलच्या कोट्या. त्या बडबडीत पश्चिम-मध्य आफ्रिकेतल्या कानुरी भाषेचे शब्द अभ्यासकांनी ओळखले आहेत, म्हणजे कोणीतरी खऱ्या माणसांचं बोलणं कान देऊन ऐकलं होतं. संगीत म्हणून ती चटकदार आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण इथे हसणारा मालक आहे आणि ज्याला हसतो तो विकत घेतलेला माणूस. दोन्ही गाणी एकाच पुस्तकात, एकाच कसबाने, मोडक्या भाषेवरच रचलेली, आणि तरी एक शिपायाच्या माजाला टोचतं, दुसरं बेड्या घातलेल्या माणसाला. मोरेस्का एकमताने वगळली. संग्रहालयात, व्याख्यानासोबत ती ऐकवता येईल. बिअरच्या टेबलांमध्ये नाही.

दुसरा निर्णय: ज्या गाण्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं

सगळ्यात अवघड गाणं यादीत निर्धास्त बसून होतं. 'काँ मों मारी'. छोटंसं, झरझर पळणारं, वृंदांना फार आवडणारं. आमच्या जुन्या ध्वनिमुद्रणात ते हातवारे करत, हसत गायलेलं आहे.

निवृत्त शिक्षिकेने अर्थ वाचला. माझा नवरा बाहेरून घरी आला की मार खाणं हीच माझी मिळकत. तो पातेल्यातला डाव उचलतो आणि माझ्या डोक्यात फेकून मारतो. मला भीती वाटते, तो माझा जीव घेईल. मत्सरी आहे, भांडखोर आहे, सारखा कुरकुरतो. मी तरुण आहे आणि तो म्हातारा.

एकही शब्द अश्लील नाही. चर्चच्या कार्यालयाने मजकूर पाहिला तेव्हा या गाण्यावर त्यांनी खूणही केली नव्हती. शालेय पुस्तकात ते बिनबदल छापलं जातं. आम्ही इतके दिवस एका एडक्यावरून भांडत होतो आणि डोक्यात बसलेल्या डावाकडे कोणी पाहिलं नव्हतं. मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते.

नको असलेल्या नवऱ्याची तक्रार करणाऱ्या बायकोचं गाणं हा फ्रेंच परंपरेत मध्ययुगापासून चालत आलेला प्रकार आहे. मला तिथे बसल्या बसल्या जात्यावरच्या ओव्या आठवल्या. सासुरवास, मार, माहेरची ओढ, सगळं त्यात असतं. पण ती ओवी दळणारी बाई स्वतः म्हणते, पहाटे, शेजारणीबरोबर. लासोच्या गाण्यात बाईचा आवाज पुरुषाने, दरबाराच्या करमणुकीसाठी रचला आहे. हे मी बोललो तेव्हा एका सोप्रानोने विचारलं, की मग आता आम्ही बायका ते गाणार आहोत, याने काही फरक पडतो की नाही? प्रश्न खरा होता आणि माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं.

तालमीनंतर एका सदस्याने संचालिकेला एकटीला गाठून सांगितलं की ती हे गाणं गाऊ शकणार नाही. कारण तिने सांगितलं नाही आणि संचालिकेने विचारलं नाही.

या गाण्याचा निर्णय सोप्रानो आणि आल्टो यांच्यावर सोपवला. त्या वेगळ्या बसल्या, आणि त्यांनी ते ठेवायचं ठरवलं. त्यांचा युक्तिवाद असा: बाकीच्या सगळ्या कार्यक्रमात पुरुषांच्या इच्छा आहेत, खिडकीखाली, दाराबाहेर, गुत्त्यात. बाई 'मी' म्हणून बोलते ते हे एकच गाणं. ते अस्वस्थ करतं म्हणून काढलं तर ती संध्याकाळ आणखी एकतर्फी होईल.

गायचं कसं, यावर तीन तालमी गेल्या. आधी लय अर्ध्यावर आणून पाहिली. गाणं मेलं; शब्दांची जी चुळबुळ लासोने बांधली आहे ती धाप लागल्यासारखी असते, आणि धाप संथ करता येत नाही. मग लय जवळपास मूळची ठेवली, आवाज खाली आणला, हातवारे पूर्ण बंद केले, पुरुषांचे आवाज मागे घेतले. भीतीच्या ओळीला जवळजवळ कुजबुज. आणि शेवटची ओळ, मी तरुण आहे आणि तो म्हातारा, तेवढी मोकळ्या आवाजात, धारदार. त्या ओळीत बाई हिशेब मांडते, असं त्यांचं वाचन होतं. मला ते पटलं.

तिसरा निर्णय: विनोद आजचा करायचा का

'मातोना' सगळ्या कडव्यांसह गायचं ठरल्यावर संचालिकेने एक सूचना केली. मोडकं इटालियन म्युनिकच्या श्रोत्यांना कळणार नाही, तर एक कडवं जर्मनमध्ये, परदेशी माणसाच्या मोडक्या उच्चारात गाऊ या. हेतू स्वच्छ होता. विनोद पोचावा इतकाच.

ज्याचे आजी-आजोबा तुर्कस्तानातून इथे कामगार म्हणून आले, अशा एका तरुण बासने हे मी गाणार नाही असं सांगितलं. आवाज न चढवता. माझंही तेच मत होतं. माझं जर्मन आजही मराठी वळणाचं आहे, आणि दुकानात, सरकारी कचेरीत ते ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मी जाणतो. मूळ गाण्यात हसू येतं ते हत्यारबंद परक्याचं. जर्मनमध्ये आणलं की तेच हसू कामासाठी आलेल्या परक्यावर येऊन पडतं. शब्द तेच राहतात, निशाणा बदलतो.

संचालिकेने सूचना तिथल्या तिथे मागे घेतली आणि उलट वाट धरली: इटालियन तसंच ठेवायचं, पण जर्मन उच्चार मुद्दाम ठसठशीत करायचे. म्हणजे जर्मन गायक जर्मन श्रोत्यांसमोर जर्मनांच्याच इटालियनला हसणार. दर उन्हाळ्यात हजारो बव्हेरियन आल्प्स ओलांडून इटलीत सुट्टीला जातात. ते इटालियन सगळ्यांच्या ओळखीचं होतं.

काय केलं

मुलांचा भाग वेगळा काढून दुपारी चारला, केक आणि सरबताबरोबर ठेवला. संध्याकाळच्या जाहिरातीतून 'सर्व कुटुंबासाठी' ही ओळ काढली आणि 'मूळ शब्दांसह, मोठ्यांसाठी' असं लिहिलं. चर्चला सगळे अर्थ पाठवले, काही न लपवता. उत्तर अपेक्षेपेक्षा सौम्य आलं: तालमी चालू राहू देत, पण पत्रकावर चर्चचं नाव नको. प्रत्येक टेबलावर मूळ शब्द आणि अर्थ छापलेला कागद ठेवला. कोणत्याही सदस्याला कोणतंही गाणं कारण न देता सोडता येईल असं ठरलं. तिघांनी ती मुभा घेतली, वेगवेगळ्या गाण्यांसाठी.

बसण्याची पद्धतही बदलली. त्या काळी प्रत्येक आवाजाचं वेगळं पुस्तक असे, आणि गाणारे टेबलाभोवती बसून एकमेकांना ऐकत गात. आम्ही राउंड तसेच गायलो, दोन लांब टेबलांवर, संचालिकेविना. पहिल्या तालमीला दाणादाण उडाली. पण समोर कोणी हात हलवत नाही म्हटल्यावर माणसं खरंच एकमेकांना ऐकू लागली.

परिणाम

संध्याकाळ चांगली झाली. नव्वदच्या आसपास लोक होते. जाहिरात बदलूनही दोन कुटुंबं मुलांना घेऊन आली आणि सगळं ऐकून गेली.

'नॉनी नॉनी'चा राउंड श्रोत्यांना शिकवला. तिसऱ्या आवाजाने उचल घेतली आणि टेबलांवर एकेकाला उलगडत गेलं. हशा एकदम न येता कोपऱ्याकोपऱ्यातून येत राहिला. या गाण्यांना बंद सभागृह आणि समोरासमोर मांडलेल्या खुर्च्या मानवत नाहीत, हे तेव्हा पटलं. ग्लासांचा आवाज, शेजाऱ्याचा धक्का, मधूनच सामील होणारं कोणीतरी, हे त्यांना हवंच असतं.

'मातोना' मात्र अपेक्षेइतकं रंगलं नाही. संचालिकेने आधी लान्ट्सक्नेख्ट, रोमची लूट, इटालियन उच्चार, सगळं समजावून सांगितलं. प्रस्तावना गाण्याहून लांब झाली. एडका येईपर्यंत लोक त्याची वाटच पाहत होते.

'काँ मों मारी'ला डाव फेकण्याच्या ओळीवर एक-दोन टेबलांवर हसू आलं, पुढच्या ओळीला थांबलं. शेवटी टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळेना; आम्ही लगेच पुढचं गाणं सुरू केलं. नंतर एक वयस्क गृहस्थ येऊन म्हणाले की हे गाणं त्यांनी आयुष्यभर गायलं आहे आणि असं उदास करायची गरज नव्हती. एक तरुण मुलगी अर्थाचा कागद घरी नेऊ का, असं विचारून गेली.

दुखावलेल्या दोन ज्येष्ठांपैकी एक वृंदात राहिले, एक गेले. मोरेस्का वगळण्यावरूनही एका सदस्याची नाराजी टिकून आहे: इतिहासातलं कुरूप गाळलं की उरलेलं सुंदर खोटं होतं, असं त्याचं म्हणणं. मी त्याच्याशी सहमत नाही, पण त्याचं म्हणणं मी खोडूनही काढू शकलेलो नाही.

पुन्हा करायचं झालं तर

अर्थवाचनाची तालीम निवडीच्या आधी व्हायला हवी होती. ती झाली तेव्हा पत्रकं छापून झाली होती आणि मुलांचे पालक तारीख धरून बसले होते. वृंदाने आता तसा क्रमच लावला आहे: आधी शब्द, मग स्वर.

जुन्या शालेय आवृत्तीवर विसंबायला नको होतं. संगीत तेच असलं तरी तिथे शब्द कोणी, कोणासाठी बदलले हे लिहिलेलं नसतं. लासोच्या गाण्यांच्या चांगल्या आवृत्त्या आज सहज मिळतात.

चर्चला आपण होऊन आधी सांगायला हवं होतं. त्यांनी मजकूर मागितल्यावर पाठवला, त्यामुळे लपवाछपवीचा वास आला, जो मुळात नव्हता.

प्रस्तावना आवरायला हवी होती. शरद ऋतूत एका छोट्या दालनात हाच कार्यक्रम पुन्हा केला तेव्हा संचालिका 'मातोना'च्या आधी एवढंच म्हणाली: एक जर्मन शिपाई, एक इटालियन खिडकी. बाकी सगळं टेबलावरच्या कागदावर होतं. त्या वेळी लोक एडक्यावर हसले, आणि आमच्या इटालियन आल्टोला हसू आवरेना, तिची पुढची ओळ शेजारणीने गायली.

'काँ मों मारी'बद्दल सोप्रानोंमध्ये अजून एकमत नाही. शरदातल्या कार्यक्रमात त्यांनी ते झेन्फलच्या गाण्यानंतर लगेच ठेवलं, म्हणजे आपल्या हाताने अडसर काढणारी आणि दार बंद करता न येणारी अशा दोघी एकापाठोपाठ आल्या. पुढच्या वर्षी ते पुरुषांच्या आवाजांविना, फक्त बायकांनी गावं, आणि त्यासाठी खालचे दोन आवाज आल्टोंसाठी पुन्हा बसवावेत, असा प्रस्ताव आहे. त्याची स्वरलिपी करण्याचं काम सध्या त्या निवृत्त शिक्षिकेकडे आहे.